नाउनचे पाच प्रकार पाठ आहेत, तरी 'इज' की 'आर' इथे मुलं का अडतात?

प्रश्न असा आहे: "दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात मी आठवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. नाउनचे पाचही प्रकार उदाहरणांसकट त्यांना पाठ आहेत. तरी वहीत 'द प्राइस ऑफ मँगोज आर हाय', 'ही गेव्ह मी अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' असंच येतं. नाउन फ्रेज अधोरेखित करा म्हटलं की एकट्या नाउनखाली रेघ मारतात. हे प्रकार कसे समजावायचे, आणि नाउन फ्रेज कुठून कुठपर्यंत धरायची?"

ताई, मुलांचं पाठांतर बरोबर आहे. ते पाठांतर वाक्य लिहिताना उपयोगी पडत नाही, एवढंच. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट ही विभागणी शब्दाचा अर्थ कशाबद्दल आहे ते सांगते. वाक्य लिहिताना मात्र इंग्रजी वेगळं विचारतं: ही गोष्ट मोजायची आहे का? मोजायची असेल तर एक की अनेक? आणि कोणती ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरंही एकट्या नामात सापडत नाहीत, त्याच्या मागच्यापुढच्या शब्दांसकट सापडतात. तेव्हा पाच प्रकार एका तासात उरका, आणि मोजणं व शब्दसमूह या दोन गोष्टींना निदान महिनाभर द्या.

आधी तो एक तास. प्रॉपर नाउनमध्ये मुलांच्या दोनच चुका होतात. पहिली कॅपिटल अक्षराची. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे 'सोमवार', 'मार्च', 'मराठी' या शब्दांना इंग्रजीत कॅपिटल लागतं हे मुलांच्या हाताला माहीत नसतं. गावांची आणि माणसांची नावं ती बरोबर लिहितात, वार, महिने आणि भाषा चुकवतात. तेवढ्याचाच सराव घ्या.

दुसरी चूक 'द'ची. गावाला 'द' नाही: हर्णे, दापोली, गुहागर. नदी, समुद्र आणि डोंगररांग यांना 'द' लागतो: द वाशिष्ठी, द सावित्री, द अरेबियन सी, द वेस्टर्न घाट्स. नावामागे 'फोर्ट' आला तर बहुधा 'द' नको, म्हणून सुवर्णदुर्ग फोर्ट. नावात 'ऑफ' आला की बहुतेक वेळा 'द' येतो. 'मुंबई युनिव्हर्सिटी' पण 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' ही जोडी फळ्यावर लिहा. संस्था एकच, नावाची घडण बदलली म्हणून 'द' आला, हे मुलांना लगेच दिसतं.

कलेक्टिव्ह नाउनला जास्त वेळ देऊ नका. होड्यांचा 'फ्लीट', खलाशांचा 'क्रू', माशांचा 'शोल', गुरांचा 'हर्ड', एवढी उदाहरणं पुरतात. 'द क्रू इज रेडी' की 'द क्रू आर रेडी' असं मुलं विचारतील. ब्रिटिश वापरात दोन्ही चालतात, अमेरिकन वापरात एकवचन. परीक्षेसाठी एकवचनच शिकवा. 'पोलीस', 'पीपल' आणि 'कॅटल' ही तीन नामं मात्र वेगळी घोकून घ्या, कारण ती कायम अनेकवचनी असतात. मराठीत आपण 'पोलीस आला' म्हणतो, त्यामुळे 'द पोलीस इज कमिंग' हे हमखास येतं.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउनपाशी पाच प्रकारांची मर्यादा उघड होते. 'आयडिया', 'प्रॉब्लेम', 'ड्रीम' ही भाववाचक नामं मोजता येतात: 'अ‍ॅन आयडिया', 'टू प्रॉब्लेम्स'. 'अ‍ॅडव्हाइस', 'प्रोग्रेस', 'इन्फर्मेशन' हीसुद्धा भाववाचकच, पण मोजता येत नाहीत. 'अ‍ॅडव्हाइस इज अ‍ॅन अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन' हे मुलाला येतं आणि तोच मुलगा 'अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' लिहितो. दोन्हींत त्याच्या दृष्टीने विसंगती नाही, कारण प्रकाराच्या नावात मोजण्याची माहितीच नाही.

आता मोजण्याकडे येऊ. इथे घाई करू नका. सुरुवात मराठीतून करा, आणि त्यासाठी जांभ्याइतकं चांगलं उदाहरण नाही. 'जांभा' म्हणजे दगडाचा प्रकार आणि 'चिरा' म्हणजे त्याचा कापलेला ठोकळा, हे तुमच्याकडच्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. 'घराला पाचशे जांभे लागले' असं कोणी म्हणत नाही, 'पाचशे चिरे लागले' म्हणतात. म्हणजे पदार्थ वेगळा आणि त्याचा मोजता येणारा नग वेगळा, ही समज मुलांच्या भाषेत आधीच आहे. इंग्रजीतही तेच: 'लॅटराइट' मोजता येत नाही, 'लॅटराइट ब्लॉक्स' मोजता येतात. पुढची सगळी उदाहरणं या जांभा-चिऱ्यावर आणून ठेवा. "हा शब्द जांभा की चिरा?" एवढाच प्रश्न वर्गात विचारायचा.

घोळ होतो तो दोन भाषांची मोजणी जुळत नाही तिथे. जिथे जुळते तिथे शिकवायची गरजच नाही. 'माहिती' आणि 'सामान' मराठीतही मोजत नाहीत, म्हणून 'इन्फर्मेशन' आणि 'लगेज' यांना 'एस' लावू नका हे "माहित्या म्हणतोस का? सामानं म्हणतोस का?" एवढ्यावर पटतं. न जुळणाऱ्या शब्दांचे तीन गट करून वहीत उतरवून घ्या.

पहिला गट मराठीत मोजतो पण इंग्रजीत मोजत नाही अशांचा. सल्ला–सल्ले, पण 'अ‍ॅडव्हाइस'. बातमी–बातम्या, पण 'न्यूज', आणि शेवटी 'एस' असूनही एकवचन: 'द न्यूज इज गुड'. काम–कामं, पण 'वर्क'. पाव एक, दोन, चार, पण 'ब्रेड'. गृहपाठ एक-दोन, पण 'होमवर्क'. कपाट, टेबल, खुर्ची एकेक मोजता येतात, पण 'फर्निचर' मोजता येत नाही. सर्वांत जास्त चुका या गटात होतात.

दुसऱ्या गटातले शब्द मराठीत अनेकवचनी क्रियापद घेतात आणि इंग्रजीत एकवचनी. 'केस गळतात' पण 'हेअर इज फॉलिंग'. 'पैसे संपले' पण 'द मनी इज ओव्हर'. 'तांदूळ महागले' पण 'राइस इज कॉस्टली'. तांदळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगा. शेतातलं भात, सडलेले म्हणजे कांडून टरफल काढलेले तांदूळ आणि ताटातला भात यांना आपण वेगळं बोलतो. इंग्रजी पिकाला आणि न सडलेल्या दाण्याला 'पॅडी' म्हणतं आणि उरलेल्या दोन्हींना 'राइस'.

तिसरा गट उलटा. मराठीत एकवचन, इंग्रजीत अनेकवचन. 'कात्री कुठे आहे?' पण 'व्हेअर आर द सिझर्स?'. 'चष्मा फुटला' पण 'माय ग्लासेस आर ब्रोकन'. 'पँट ओली आहे' पण 'द ट्राउझर्स आर वेट'. या गटाचं कारण मुलांना आवडतं: दोन पाती, दोन काचा, दोन पाय. एक नग म्हणायचा असेल तर 'अ पेअर ऑफ' लावायचं, आणि मग क्रियापद 'पेअर'प्रमाणे एकवचनी.

तुमच्या किनाऱ्यावर 'फिश' हा शब्द टाळता येणारच नाही, म्हणून तो नीट घ्या. टोपलीतला एक मासा 'अ फिश', दोन मासे 'टू फिश'. 'फिशेस' हे रूप चुकीचं नाही. सहसा ते वेगवेगळ्या जातींच्या माशांबद्दल बोलताना वापरतात, जसं प्राणिशास्त्राच्या पुस्तकात. ताटातलं खाणं म्हणून 'फिश' मोजत नाहीत: 'वी एट फिश', त्यात 'अ' नको. म्हणून खानावळीच्या पाटीवर 'फ्रेश फिश' हवं, 'फ्रेश फिशेस' नको. कोळंबीचं गणित सोपं आहे: 'अ प्रॉन', 'प्रॉन्स'. बांगड्याचं मात्र 'फिश'सारखं: माशांची गिनती करताना 'मॅकरेल' दोन्ही वचनांत चालतं.

यावरून पुढची पायरी येते: बरीच नामं दोन्हीकडे बसतात आणि बाजू बदलली की अर्थ बदलतो. 'अ कोकोनट' म्हणजे अख्खा नारळ, 'कोकोनट' म्हणजे आमटीत पडलेलं खोबरं. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'अ‍ॅन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका. 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पेला. म्हणून "हे नाउन काउंटेबल आहे का?" असा प्रश्न अर्धवट आहे. "या वाक्यात ते काउंटेबल आहे का?" असं विचारा. मटेरियल नाउनची यादी पाठ केलेला मुलगा 'आयर्न' कुठेही दिसलं की 'मटेरियल' लिहितो आणि 'देअर इज अ‍ॅन आयर्न ऑन द टेबल' मध्ये चुकतो.

न मोजता येणारं मोजायचं झालं तर पुढे माप ठेवायचं: 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस', 'अ लोफ ऑफ ब्रेड', 'टू किलोज ऑफ राइस', 'अ बॉटल ऑफ कोकम सिरप'. अनेकवचन मापाला लागतं, पदार्थाला नाही. 'टू बॉटल्स ऑफ कोकम सिरप' बरोबर, 'टू बॉटल ऑफ सिरप्स' चूक. मराठीत 'दोन किलो तांदूळ' म्हणताना 'किलो' बदलत नाही, म्हणून 'टू किलो ऑफ राइस' असं येतं. ही चूक किरकोळ आहे, हळूहळू सुधारेल.

आंब्याच्या हंगामात 'डझन' येतो, आणि त्याचा नियम उलटा वाटतो. पुढे आकडा असेल तर 'डझन'ला ना 'एस', ना 'ऑफ': 'फाइव्ह डझन मँगोज'. आकडा नसेल तर दोन्ही: 'डझन्स ऑफ मँगोज'. 'टू लाख रुपीज' आणि 'लाख्स ऑफ रुपीज' यांचंही तेच.

आता नाउन फ्रेज. मुलं एकट्या नामाखाली रेघ का मारतात? त्यांना नाउन फ्रेज हे नामाचं दुसरं नाव वाटतं. हा गैरसमज 'अ' आणि 'अ‍ॅन'ने काढता येतो. फळ्यावर तीन ओळी लिहा: 'अ बोट', 'अ‍ॅन ओल्ड बोट', 'अ व्हेरी ओल्ड बोट'. नाम तेच, पण 'अ'चा 'अ‍ॅन' झाला आणि परत 'अ' झाला. आर्टिकल शेजारच्या शब्दाचा आवाज ऐकतं, मग तो शब्द नाम असो वा नसो. म्हणजे आर्टिकल पूर्ण समूहाच्या दाराशी बसलेलं असतं. आवाजाचाच धागा धरून 'अ‍ॅन एसटी बस' आणि 'अ युनिव्हर्सिटी' हेही याच तासात उरकून घ्या.

या समूहात एक मुख्य नाम असतं. त्याला पुस्तकं 'हेड' म्हणतात. त्याच्या आधी तीन प्रकारचे शब्द येऊ शकतात: कोणतं आणि किती हे सांगणारे, कसं हे सांगणारे, आणि विशेषणासारखं काम करणारं दुसरं नाम. नंतर काय येतं ते थोड्या वेळाने. 'दोझ टू बिग ओल्ड वुडन फिशिंग बोट्स' या समूहात मुख्य नाम 'बोट्स'. विशेषणांचा क्रम साधारणपणे मत, आकार, वय, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ, उपयोग असा लागतो. तो पाठ करायला लावू नका. जे नामाला अधिक चिकटलेलं ते नामाच्या अधिक जवळ, हे सांगितलं की पुरे. होडी मासेमारीची असणं हे ती जुनी असण्यापेक्षा जास्त पक्कं आहे, म्हणून 'फिशिंग' शेवटी.

नामाला विशेषण म्हणून लावलेलं नाम बहुतेक वेळा एकवचनी असतं. 'मँगो ट्री', 'मँगोज ट्री' नाही. 'अ टेन-रुपी नोट', 'अ फाइव्ह-डझन बॉक्स', 'अ ट्वेंटी-इयर-ओल्ड ट्री'. आणि 'अ मँगो बॉक्स' व 'अ बॉक्स ऑफ मँगोज' यांतला फरक दाखवाच. पहिली आंब्यांसाठीची पेटी, ती रिकामीही असू शकते. दुसरीत आंबे आहेत. 'अ टी कप' आणि 'अ कप ऑफ टी' तसेच.

'कोणतं' सांगणाऱ्या शब्दांत मराठीची सवय फार आड येते. मराठीत 'माझे सगळे मित्र', 'माझे दोन्ही भाऊ', 'माझा एक मित्र', 'ही माझी होडी' हे सगळं सहज चालतं. त्याचं शब्दाला शब्द ठेवून 'माय ऑल फ्रेंड्स', 'माय बोथ ब्रदर्स', 'माय वन फ्रेंड', 'धिस माय बोट' होतं. इंग्रजीत 'अ', 'द', 'धिस', 'माय' यांच्यासाठी एकच खुर्ची आहे. एक बसला की दुसऱ्याला जागा नाही. 'ऑल' आणि 'बोथ' त्या खुर्चीच्या पुढे उभे राहतात: 'ऑल माय फ्रेंड्स', 'बोथ माय ब्रदर्स'. आणि दोघांनाही घ्यायचंच असेल तर एकाला 'ऑफ'मागे पाठवायचं: 'अ फ्रेंड ऑफ माइन', 'धिस बोट ऑफ माइन'. 'मोस्ट ऑफ पीपल' हीसुद्धा नेहमीची चूक. एकतर 'मोस्ट पीपल', नाहीतर 'मोस्ट ऑफ द पीपल'.

आता मुख्य नामाच्या नंतरचा भाग. मराठी माध्यमाच्या मुलांची खरी अडचण इथे आहे, आणि तिचं कारण आपल्या भाषेच्या बांधणीत आहे. मराठीत नामाबद्दलचं बहुतेक सगळं नामाच्या आधी येतं. इंग्रजीत एका शब्दाची माहिती आधी येते, आणि अनेक शब्दांची माहिती नंतर. 'खाडीकाठच्या घराचं छप्पर' यात खाडी, घर, छप्पर असा क्रम आहे. 'द रूफ ऑफ द हाउस बाय द क्रीक' यात छप्पर, घर, खाडी. पूर्ण उलट. ही उलटापालट मुलांना बाणांनी दाखवा. मराठी समूह वर, इंग्रजी खाली, आणि सारख्या अर्थाचे शब्द जोडणाऱ्या रेघा एकमेकींना छेदताना दिसू द्या.

मग मराठी प्रत्ययांकडे बोट दाखवा, कारण कुठला शब्द मागे जाणार याची खूण तेच देतात. '-चा, -ची, -चं' दिसलं की 'ऑफ' किंवा अ‍ॅपॉस्ट्रॉफी-एस. माणूस आणि छोटा समूह असेल तर अ‍ॅपॉस्ट्रॉफी: 'माय एल्डर ब्रदर्स बोट'. वस्तू किंवा लांब समूह असेल तर 'ऑफ'. '-तला, -वरचा, -जवळचा' दिसलं की 'इन', 'ऑन', 'निअर': टोपलीतला मासा, 'द फिश इन द बास्केट'. '-णारा' दिसलं की आयएनजी किंवा 'हू': जेटीवर उभा राहणारा माणूस, 'द मॅन स्टँडिंग ऑन द जेटी'. '-लेला' दिसलं की क्रियापदाचं तिसरं रूप: काल रात्री पकडलेला मासा, 'द फिश कॉट लास्ट नाइट'. आणि 'राहायला जागा', 'प्यायला पाणी' यातलं '-यला' दिसलं की 'टू': 'अ प्लेस टू स्टे', 'वॉटर टू ड्रिंक'. या पाच खुणा हाताशी आल्या की 'लास्ट नाइट कॉट फिश' असली वाक्यं कमी होत जातात.

'जो-तो'ची वाक्यं वेगळी घ्या. 'जी होडी काल आली ती फुटली आहे' यात 'जी' आणि 'ती' अशी जोडी लागते. मुलगा जोडी इंग्रजीत नेतो आणि लिहितो: 'द बोट व्हिच केम येस्टरडे इट इज ब्रोकन'. इंग्रजीत 'ती'ची जागा 'द बोट व्हिच केम येस्टरडे' या समूहाने आधीच घेतली आहे, म्हणून 'इट' काढून टाकायचं. "मराठीतला 'तो' इंग्रजीत गिळायचा" असं सांगितलं की लक्षात राहतं.

हा समूह कुठे संपतो ते ओळखायला एकच चाचणी शिकवा: पूर्ण समूह काढा आणि तिथे 'इट', 'दे', 'ही' किंवा 'शी' ठेवा. वाक्य टिकलं तर सीमा बरोबर. 'द ओल्ड बोट सँक' मध्ये फक्त 'बोट' काढलं तर 'द ओल्ड इट सँक' उरतं, म्हणजे रेघ अपुरी होती. 'द ओल्ड बोट' काढलं तर 'इट सँक'. ही चाचणी संदिग्ध वाक्यंही सोडवते. 'द फिशरमन सोल्ड द फिश इन द मार्केट' याचे दोन अर्थ आहेत. विक्री बाजारात झाली असं म्हणायचं असेल तर 'ही सोल्ड इट इन द मार्केट', म्हणजे रेघ 'द फिश'पाशी संपते. बाजारात होता तो मासा विकला असं म्हणायचं असेल तर 'ही सोल्ड इट', म्हणजे रेघ 'मार्केट'पर्यंत जाते. मुलाने कुठलीही रेघ मारली तरी चूक देऊ नका. त्याला अर्थ विचारा, आणि रेघ त्या अर्थाशी जुळते का एवढं पाहा.

तुमच्या 'द प्राइस ऑफ मँगोज आर हाय' चं उत्तरही इथेच आहे. क्रियापदाच्या लगेच आधी 'मँगोज' आहे, कानाला अनेकवचन ऐकू येतं, हात 'आर' लिहितो. शिवाय मराठीत 'आंब्यांचे भाव चढे आहेत' असंही आपण सर्रास म्हणतो. उपाय ठरलेला ठेवा. आधी क्रियापदावर बोट ठेवायचं, मग "काय हाय आहे?" असा प्रश्न विचारायचा, मग समूहातला पहिला 'ऑफ', 'इन', 'हू' किंवा 'व्हिच' शोधून त्यापासून पुढचं बोटाने झाकायचं. उरतं 'द प्राइस'. मुख्य नाम त्या झाकलेल्या भागाच्या लगेच आधी सापडतं. मग 'द प्राइस ऑफ मँगोज इज हाय', 'द बॉक्सेस ऑफ राइस आर हेवी', 'वन ऑफ द बोट्स इज मिसिंग' हे आपोआप जमतं. एक जोडी मात्र झाकून सुटत नाही, ती लक्षात ठेवावी लागते: 'द नंबर ऑफ बोट्स इज स्मॉल' पण 'अ नंबर ऑफ बोट्स आर मिसिंग', कारण दुसरीत 'अ नंबर ऑफ' म्हणजे 'बऱ्याच', आणि मुख्य नाम 'बोट्स' होतं.

आयएनजीने सुरू होणारे समूह दहावीत येतात. 'मेंडिंग नेट्स इज हार्ड वर्क' यात जाळी विणणं-दुरुस्त करणं हे एक काम आहे, म्हणून 'इज'. 'मेंडेड नेट्स आर चीप' यात दुरुस्त केलेली जाळी अनेक आहेत, म्हणून 'आर'. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की वेगळं समजवावं लागत नाही. आणि 'व्हॉट ही सेड इज ट्रू' सारखं काही आलं तर तिथे 'व्हॉट ही सेड' मध्ये स्वतःचा कर्ता आणि क्रियापद आहे, म्हणून तो नाउन क्लॉज. कृतिपत्रिकेत फ्रेज आणि क्लॉज वेगळे करायला सांगितले तर कर्ता-क्रियापदाची जोडी समूहातच आहे का, एवढंच बघायला शिकवा. फक्त एक सावधगिरी: 'द बोट व्हिच केम येस्टरडे' मध्ये आत क्लॉज असला तरी पूर्ण समूहाचं मुख्य नाम 'बोट' आहे, म्हणून तो नाउन फ्रेजच.

रोजचा सराव पाच-सात मिनिटांचा ठेवा, आणि तो तोडण्यापेक्षा वाढवण्याचा असू द्या. फळ्यावर 'बोट्स' लिहा. एक मुलगी पुढे 'द' लावेल, दुसरा 'टू', तिसरी 'ब्लू', चौथा मागे 'इन द क्रीक', पाचवी 'दॅट बिलाँग टू माय अंकल'. प्रत्येक भर पडल्यावर पूर्ण समूह 'दे'ने बदलून वाक्य म्हणायचं: 'दे आर न्यू'. समूह दहा शब्दांचा झाला तरी वाक्य तेवढंच राहतं, हे मुलांना कानाने कळू द्या. अधोरेखन हे यानंतर पंधरा दिवसांनी घ्या.

आणि अधोरेखनात रेघेखाली रेघ चालते, हे पहिल्या दिवशीच सांगा. हे वाक्य घ्या: 'द फ्रेश सुरमई इन द बास्केट ऑफ अ‍ॅन ओल्ड वुमन फ्रॉम दाभोळ वॉज बॉट बाय अ ट्रेडर फ्रॉम चिपळूण'. सर्वांत लांब रेघ 'द फ्रेश'पासून 'दाभोळ'पर्यंत, मुख्य नाम 'सुरमई', म्हणून 'वॉज'. तिच्याखाली 'द बास्केट'पासून 'दाभोळ'पर्यंत दुसरी. तिच्याखाली 'अ‍ॅन ओल्ड वुमन फ्रॉम दाभोळ' तिसरी. त्याखाली एकटं 'दाभोळ' चौथी. पलीकडे 'अ ट्रेडर फ्रॉम चिपळूण' पाचवी आणि तिच्यात 'चिपळूण' सहावी. आता मुलांकडून हेच मराठीत म्हणवून घ्या: दाभोळच्या एका म्हातारीच्या टोपलीतली ताजी सुरमई. दाभोळ आधी आलं, सुरमई शेवटी. प्रश्नात 'नाउन फ्रेज ओळखा' एवढंच असेल आणि जागा एकाच उत्तराची असेल, तर सर्वांत लांब रेघेवरचा समूह लिहायला सांगा.